समझोत्याच्या आधी सुरक्षेचा आराखडा

नवरा मारतो, असं एखाद्या बाईने तोंडातून काढलं की ठाणे असो वा नेरूळ, तिला दोनच सल्ले मिळतात. माहेरची माणसं, चौकीतला हवालदार, सोसायटीचा सेक्रेटरी सांगतात, ‘जमवून घे, मुलांकडे बघ.’ शिकलेल्या, कमावत्या मैत्रिणी सांगतात, ‘कशाला सहन करतेस? आजच्या आज नीघ.’ पहिला सल्ला तिला पुन्हा मार खायला पाठवतो, हे आता बऱ्याच जणांना कळतं. दुसराही तिच्या जिवावर बेतू शकतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

या दोन सल्ल्यांच्या मध्ये एक काम कायम राहून जातं. आज रात्री भांडण पेटलं तर ती कुठल्या खोलीत असेल, दाराची किल्ली कुठे असेल, फोन कुणाला जाईल, मुलं काय करतील. आणि पुढेमागे निघायचंच ठरलं तर कोणत्या दिवशी, काय घेऊन, कुठे. हे सगळं तिच्यासोबत बसून आधीच ठरवायचं. याला सुरक्षेचा आराखडा म्हणतात. आमचं म्हणणं असं की समझोता, समुपदेशन, घटस्फोट यांतलं काहीही सुरू होण्यापूर्वी हा आराखडा व्हायला हवा, आणि त्याचा भार एकट्या तिच्या हुशारीवर टाकता कामा नये.

ही मागणी नवी नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांमध्ये ‘नमुना पाच’ नावाचा तक्ता आहे. संरक्षण अधिकाऱ्याने, म्हणजे या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने, धोक्याचा अंदाज घ्यायचा, बाईशी बोलायचं आणि तिचा सुरक्षा आराखडा या तक्त्यात भरायचा, असं नियमच सांगतो. नमुना एक, म्हणजे घरगुती घटना अहवाल, सगळ्यांना माहीत असतो. वकील त्याला ‘डीआयआर’ म्हणतात. नमुना पाचचं नाव काढलं तर मात्र समोरचा विचार करू लागतो. समुपदेशनाचा नियमही असाच विस्मृतीत गेलेला. नियम चौदा म्हणतो की पुन्हा हिंसा करणार नाही अशी लेखी हमी नवऱ्याने समुपदेशकाला द्यायची, आणि ‘तिने उलट उत्तर दिलं म्हणून हात उचलला’ छापाचं समर्थन त्या बैठकीत ऐकूनच घ्यायचं नाही. प्रत्यक्षात दोघांना एका बाकावर बसवून ‘तुमचं काय, तुमचं काय’ असं विचारलं जातं. त्याच्यासमोर ती काय बोलणार? आणि बोललीच, तर रात्री घरी दोघंच असतात.

निघण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा का, हे समजून घ्यायला हवं. मारहाणीच्या मुळाशी राग असतो असं आपण धरून चालतो. खरं तर मुळाशी ताबा असतो, आणि ती निघते तेव्हा तो सुटतो. म्हणून ती दारात पिशवी घेऊन उभी असते तो दिवस आणि त्यानंतरचे काही आठवडे यांत जीवघेणा हल्ला होण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात धोका मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यातले प्रश्न आपल्याकडे चौकीवर विचारले गेले तर पुष्कळ गोष्टी बदलतील. मारहाण अलीकडे वाढली आहे का? हत्यार उगारलं आहे का? जिवे मारण्याची धमकी दिली आहे का, किंवा ‘तू गेलीस तर मी जीव देईन’ असं म्हणतो का? गरोदरपणात मारलं का? जबरदस्तीने शरीरसंबंध ठेवतो का? सतत पाळत ठेवतो का? नुकतीच नोकरी गेली आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचा: त्याने कधी गळा दाबला आहे का?

गळा दाबणं ही आपल्याकडे ‘धक्काबुक्की’त मोडणारी गोष्ट झाली आहे, म्हणून त्यावर थोडं थांबू. ज्या बाईचा गळा जोडीदाराने एकदा दाबला आहे, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ती सातपट निघाली. मानेच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की दहा सेकंदांच्या आत शुद्ध जाऊ शकते. बाहेरून वळ दिसेलच असं नाही, बऱ्याचदा काहीच दिसत नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, त्या वेळी कपड्यात लघवी होणं, मधली काही मिनिटं न आठवणं, यांतलं एकही लक्षण असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात गेलं पाहिजे. मानेच्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल तर पक्षाघात काही तासांनी, कधी काही दिवसांनीही येऊ शकतो. डॉक्टरला ‘मारलं’ एवढंच सांगून भागत नाही; ‘दोन्ही हातांनी गळा दाबला, डोळ्यांपुढे अंधारी आली’ असं सांगावं लागतं, तरच मानेची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, करायचं त्यांच्या मनात येतं. आणि पोलिसांनी याची नुसती एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद करून बाईला घरी पाठवणं आमच्या मते बेजबाबदारपणाचं आहे.

आता घर. वाशीच्या सिडकोच्या जुन्या इमारतीतलं वन रूम किचन, घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरमधला टू बीएचके आणि राबाड्याची किंवा वागळे इस्टेटची दहा बाय बाराची खोली यांचा आराखडा एकसारखा असूच शकत नाही. चाळीत दार थेट गल्लीत उघडतं, बाहेर पडणं सोपं. पण काहीही लपून राहत नाही, आणि शेजारीण दुपारी त्याच्या आईशी बोलणार हे ठरलेलं. टॉवरमध्ये उलट. सरकत्या काचा लावल्या की आरडाओरडा शेजारच्या फ्लॅटमध्येही पोचत नाही, खिडक्यांना लोखंडी ग्रिल, आणि बाहेर पडायला दार एकच. त्या दाराबाहेर आणखी एक सेफ्टी डोअर असतं, त्याला रात्री आतून कुलूप, आणि किल्ली त्याच्या उशाशी.

म्हणून पहिली गोष्ट किल्लीची. सेफ्टी डोअरची दुसरी किल्ली घराजवळच्या चावीवाल्याकडून करून घेऊ नये, तो नवऱ्यालाही ओळखत असतो. दुसऱ्या स्टेशनजवळ करावी. ती पर्समध्ये ठेवली तर सापडते. तांदळाच्या डब्यात किंवा सॅनिटरी पॅडच्या पाकिटात सहसा कुणी हात घालत नाही. दुसरी गोष्ट जागेची. आवाज चढायला लागला की स्वयंपाकघरातून आधी बाहेर यायचं. तिथे सुरी, गरम तेल आणि गॅस असतो. बाथरूममध्ये शिरून कडी लावणं सुरक्षित वाटतं, पण तिथून सुटका नसते आणि फरशी-नळांवर डोकं आपटतं. गॅलरीत तर जाऊच नये. हॉलमध्ये, मुख्य दाराच्या बाजूला, पाठ दाराकडे नसेल अशा बेताने उभं राहायचं. निसटायची वेळ आलीच तर लिफ्टची वाट बघू नये. बाविसाव्या मजल्यावर लिफ्ट यायला दोन-तीन मिनिटं लागू शकतात. जिन्याने एक मजला खाली किंवा वर जाऊन आधीच ठरवलेल्या घराची बेल वाजवायची. वॉचमनवर विसंबू नये. त्याची नोकरी कमिटीच्या हातात असते आणि ‘साहेब, मॅडम खाली आल्या आहेत’ असा फोन तो साहेबांनाच करतो.

मुलांना शिकवायचं ते कमी आणि पक्कं असावं. आई-बाबांच्या मध्ये पडायचं नाही. ठरलेला शब्द ऐकला की दप्तर-चप्पल काहीही न घेता ठरलेल्या काकूंकडे जायचं. शब्द रोजच्या बोलण्यातला निवडावा, पण रोज लागणारा नसावा. ‘आजीचा चष्मा’सारखा चालतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावून पत्ता सांगता येतो. त्याहून लहान मुलावर ते ओझं टाकू नये. आणि आराखड्यातलं बाकी काहीही मुलांना सांगू नये, कारण बाप प्रेमाने विचारतो तेव्हा मूल सांगून टाकतं. त्यात त्याचा काही दोष नाही.

पत्त्यावरून नवी मुंबईचं एक दुखणं सांगायला हवं. सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी-ऐरोलीसारख्या उपनगरात, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. सेक्टर आठ वाशीत आहे, ऐरोलीत आहे, नेरूळमध्येही आहे. घाबरलेला माणूस फोनवर ‘सेक्टर आठ, अमुक अपार्टमेंट’ एवढंच म्हणतो आणि गाडी भलतीकडे जाते. आधी नोड, मग सेक्टर, मग इमारत आणि जवळची खूण, या क्रमाने एक वाक्य पाठ करून ठेवावं. ठाण्यात मोठ्या संकुलांमध्ये टॉवरचं नाव आणि विंग आधी सांगावी, कारण एका गेटच्या आत दहा-बारा इमारती असतात. ११२ चा फोन मध्येच तुटला तर तिकडून परत फोन येऊ शकतो. त्याच्यासमोर तो वाजणं धोक्याचं, म्हणून फोन सायलेंटवर टाकावा. भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलना २०१७ पासून पॅनिक बटणाची सोय बंधनकारक आहे: साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा, काहींवर पाचदा. पण बऱ्याच स्मार्टफोनमध्ये ते दाबल्यावर मोठा भोंगा वाजतो. सेटिंगमध्ये जाऊन तो आधीच बंद करावा. ऐन वेळी हा शोध लागणं परवडत नाही.

फोनबद्दल आणखी. पाळत ठेवायला आता हेरगिरीचं ॲप लागत नाही. तिचं गूगल खातं त्यानेच उघडून दिलेलं असतं, पासवर्ड त्याला माहीत असतो, आणि मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग, व्हॉट्सॲपचे ‘लिंक्ड डिव्हायसेस’ यांतून त्याला सगळं दिसतं. टॅक्सीच्या ॲपची पावती त्याच्या ईमेलवर जाते. फास्टॅगचा मेसेज त्याच्या फोनवर येतो. हे कळल्यावर पहिली चूक होते ती सगळं एकदम बंद करण्याची. लोकेशन अचानक बंद झालं, सगळे चॅट पुसले गेले, पासवर्ड बदलला, की त्याला संशय येतो आणि त्याच रात्री मार बसतो. त्यापेक्षा फोन आहे तसाच राहू द्यावा आणि वकिलाकडे किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे जाताना तो कामाच्या जागी ठेवून जावं. महत्त्वाचे फोन मैत्रिणीच्या किंवा ऑफिसच्या फोनवरून करावेत. नवं ईमेल खातं उघडायचं असेल तर त्याला तिचा नंबर किंवा घरातलं यंत्र जोडू नये.

आधारचंही तसंच. तिच्या आधारला बऱ्याचदा त्याचा मोबाइल नंबर जोडलेला असतो, म्हणजे डिजीलॉकरपासून बँकेपर्यंत प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो. आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन नंबर बदलता येतो, कागदपत्रं लागत नाहीत. पण बदलल्यावर त्याच्या फोनवर ओटीपी यायचे थांबतात आणि ते त्याच्या लक्षात येऊ शकतं. म्हणून हे काम निघण्याच्या अगदी जवळ, किंवा निघाल्यावर.

‘सगळी कागदपत्रं सोबत घे’ हा सल्ला सरसकट दिला जातो, तो अर्धवट आहे. घरातून मूळ कागद गायब झाले तर तिचा बेत उघडा पडतो. कोणता कागद पुन्हा मिळतो आणि कोणता मिळत नाही, हे आधी बघावं. मुलांचा जन्मदाखला महापालिकेतून पुन्हा मिळतो. विवाह नोंदणीचा दाखला मिळतो. फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदीचा उतारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’मध्ये शोधता येतो. या सगळ्यांचे फोटो पुरेसे आहेत. पासपोर्ट, पदवीचे मूळ दाखले, दागिन्यांच्या पावत्या, बँकेची पासबुकं आणि मुलांचे पासपोर्ट मात्र हाती असावेत. बांधून ठेवलेली बॅग घरात ठेवणं हीसुद्धा नेहमीची चूक. सापडलेली बॅग म्हणजे त्याच्या दृष्टीने पुरावाच. थोडं थोडं करून मैत्रिणीकडे किंवा ऑफिसच्या लॉकरमध्ये न्यावं. दोन जोड कपडे, चालू असलेली औषधं दहा दिवसांची, जास्तीचा चष्मा, मुलाच्या लसीकरणाचं कार्ड, सुट्ट्या नोटांत दोन-तीन हजार रुपये. मुलाच्या शाळेच्या दप्तरात मावेल एवढंच.

बँक खातं वेगळं हवं, आणि त्याचं खातं आहे त्या बँकेत नको. खातं उघडलं की डेबिट कार्ड आणि चेकबुक टपालाने घरी येतं, आणि ते लिफाफे बहुतेक वेळा त्याच्याच हातात पडतात. कार्ड शाखेतच द्या, असं फॉर्म भरतानाच सांगावं. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार किंवा गॅसचं अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात पडतं. नवं खातं आधारला जोडलं की हे पैसे तिकडे वळतात, आणि पहिल्याच महिन्यात ‘पैसे का आले नाहीत’ असा प्रश्न येतो. त्याचं उत्तर आधी तयार हवं.

मार लागल्यावर रुग्णालयात जाणं याकडे फक्त उपचार म्हणून बघितलं जातं. तो तिचा पुढचा पुरावाही आहे. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय किंवा कुठलंही जवळचं. केसपेपरवर कुणी मारलं, कशाने, कुठे, हे लिहून घ्यावं आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय नोंद, करायला सांगावं. ‘बाथरूममध्ये पडले’ असं एकदा लिहिलं गेलं की दोन वर्षांनी तो कागद तिच्याच विरुद्ध दाखवला जातो. सोबत सासू आली असेल तर डॉक्टरने तिला बाहेर बसवून विचारायला हवं. मुंबईत हे काम नीट कसं करायचं ते माहीत आहे: वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ विभाग सुरू झाला आणि पुढे तो मुंबई महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेला. आपल्या खाडीपलीकडच्या, ठाणे-नवी मुंबईच्या महापालिकांनी प्रत्येक मोठ्या रुग्णालयात चोवीस तास चालणारा असा विभाग ठेवायला हवा. जखमांचे फोटो काढताना एक लांबून, चेहरा दिसेल असा, आणि एक जवळून, बाजूला नाणं किंवा पट्टी ठेवून. पुन्हा तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी, कारण वळ नंतर गडद होतात. फोटो ज्या फोनवर काढले तो जपावा. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र देताना त्याची गरज लागते.

निघायचं कधी? तो कामावर असताना, दिवसा, कुठलीही घोषणा न करता. भांडणात ‘मी जातेय’ म्हणणं टाळावं. मुलांना शक्यतो सोबत न्यावं. मागे ठेवलेलं मूल परत मिळवायला वेळ लागतो आणि तोवर ते तिला परत खेचण्याचं साधन होतं. रात्रीच निघायची वेळ आली तर लक्षात असू द्यावं की मध्यरात्रीनंतर ट्रान्सहार्बरची लोकल थांबते ती थेट पहाटे सुरू होते, आणि स्टेशनवर रात्र काढणं हा बेत नव्हे. अशा वेळी पोलिस ठाणं किंवा सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी केंद्र. तिथे पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळू शकतो, आणि १८१ वर फोन केला की जवळचं केंद्र कळतं. तो सगळ्यात आधी माहेरी शोधायला जाणार, म्हणून पहिल्या काही रात्री त्याला माहीत नसलेलं घर बरं. राहिलेलं सामान आणायला एकटीने परत जाऊ नये. पोलिसांना सोबत न्यावं, तसा आदेश न्यायालयाकडून मागता येतो.

हद्दीचा घोळ इथे फार त्रास देतो. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्हा. पोलिस आयुक्तालय मात्र दोन्हीकडे नवी मुंबईचंच. म्हणजे खारघरच्या बाईचे पोलिस नवी मुंबईचे आणि संरक्षण अधिकारी रायगडचा. मीरा-भाईंदरला उलटा प्रकार: जिल्हा ठाणे, आयुक्तालय ऑक्टोबर २०२० पासून वेगळं. ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे वाक्य अशा बाईला दोन-तीन टेबलांवर ऐकावं लागतं. त्यावर तिच्याकडे दोन उत्तरं आहेत. गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. आणि २००५ च्या कायद्याखालचा अर्ज ती जिथे तात्पुरती राहते किंवा नोकरी करते तिथल्या दंडाधिकाऱ्याकडेही चालतो, मग ते सातारा असो की बेलापूर. अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी असं कायदा म्हणतो, आणि एकतर्फी अंतरिम आदेशही मागता येतो. वकील परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. फ्लॅट सासूच्या नावावर आहे म्हणून तिला तिथे राहण्याचा हक्क नाही, हेही आता खरं नाही. सतीश चंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये ते स्पष्ट केलं आहे.

या सगळ्यावर आक्षेप येतात. ‘घरं फोडायला शिकवता’ आणि ‘खोट्या केसेस वाढतील’ हे दोन नेहमीचे. आराखड्याने कुणावर गुन्हा दाखल होत नाही, कुणाला अटक होत नाही. किल्ली कुठे आहे हे बाईला माहीत असल्याने संसार मोडत असेल तर तो संसार कसला होता? तिसरा आक्षेप चळवळीतून येतो आणि तो वजनदार आहे: तिने का पळायचं, त्याला बाहेर काढा. बरोबर आहे. २००५ च्या कायद्याच्या कलम १९ खाली न्यायालय त्यालाच घराबाहेर काढू शकतं, आणि हा आदेश मागायला वकिलांनी कचरू नये. पण आदेश हाती येईपर्यंतच्या रात्री तिला त्याच घरात काढायच्या असतात, आणि आराखडा त्या रात्रींसाठी आहे. देशपातळीवरच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली होती फक्त १४ टक्क्यांनी. उरलेल्या बहुतेकींपर्यंत कुठला अधिकारी पोचत नाही. त्यांच्यापर्यंत पोचतो तो शेजारी.

आणि शेजारी गप्प बसतो तो ‘उगाच कोर्टकचेरी मागे लागेल’ म्हणून. कायद्याचं कलम चार त्याच्यासाठीच आहे: हिंसा होते आहे असं वाटणारा कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि प्रामाणिकपणे कळवल्याबद्दल त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. फोनवरून खात्रीची माहिती मिळाली तर अधिकाऱ्याने पोलिसांना घेऊन घटनास्थळी जायचं, असंही नियमात आहे. आवाज ऐकू आले तर दोघांनी मिळून बेल वाजवावी, साखर, दूध, पार्किंग, काहीही कारण सांगावं. तेवढ्या खंडाने हात थांबू शकतो. त्याला जाब विचारू नये, ‘ती आम्हाला सगळं सांगते’ असं तर चुकूनही म्हणू नये. हत्यार दिसलं तर दारात न थांबता ११२.

सोसायटीने करायच्या गोष्टी याहून कमी कष्टाच्या आहेत. गेटवरच्या ॲपमध्ये घरातल्या प्रत्येक प्रौढाचं स्वतंत्र खातं असावं. नवऱ्याच्या एकट्याच्या फोनवर ‘कोण आलं, कोण गेलं’ची सूचना जाणं म्हणजे सोसायटीने फुकट पुरवलेली पाळत. ‘ती माहेरी गेलीय, तिचं नाव काढा’ असं त्याने सांगितलं म्हणून नाव काढू नये. कायद्याच्या मार्गाशिवाय तिला राहत्या घरातून घालवता येत नाही, तेव्हा सेक्रेटरीने न्यायालयाचा आदेश मागावा. उलट तिच्या बाजूने संरक्षणाचा आदेश झाला असेल तर त्याची प्रत गेटवर असावी, आणि तो मोडला तर तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे हे वॉचमनला सांगितलेलं असावं. ११२ लावायला त्याला कमिटीची परवानगी लागणार नाही, हेही लेखी द्यावं. लिफ्टमध्ये गणपतीच्या वर्गणीच्या पत्रकाशेजारी ११२, १८१, मुलांसाठीचा १०९८ आणि १५१०० हे चार आकडे लावायला किती खर्च येतो? आणि सीसीटीव्हीचं चित्रण बऱ्याच सोसायट्यांत पंधरा ते तीस दिवसांत आपोआप पुसलं जातं. तिने किंवा तिच्या वतीने कुणी लेखी मागितलं तर त्याच दिवशी त्या तासाचं चित्रण वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढून, तारीख-वेळ लिहून, कपाटात ठेवावं. पोलिसांचं पत्र यायची वाट बघत बसलं तर तोवर त्यावर नवं चित्रण चढलेलं असतं.